घरची माती

१

आमचे बाबा रोज सकाळी चहाची कपबशी घेऊन हॉलमधून पुढच्या दाराकडे जातात आणि हॉलच्या मधोमध डोकं वाकवतात.

तिथे दार नाही, चौकट नाही, पंखाही चांगला दूर आहे. वर स्लॅब, खाली मी स्वतःच्या हाताने बसवलेली पांढरी टाइल आणि मधे मोकळी हवा. तरी म्हातारा तिथे पोचला की मान खाली घालतो, खांदा थोडा आत घेतो, एक पाऊल टाकतो आणि पुन्हा ताठ चालू लागतो. बशीत चहाचा थेंब सांडत नाही.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसलो.

"बाबा, स्लॅबचं घर हाय हे. इथी वाकाचं काम नाई."

"सवय हाय," बाबा म्हणाले आणि पुढे जाऊन खुर्चीत बसले.

तेही खरंच होतं. आमचं जुनं घर मातीचं होतं आणि त्याची दारं अशी ठेंगणी, की पाहुणा आला की आधी कपाळ चोळायचा आणि मग रामराम करायचा. बाबांचा, म्हणजे रामाजींचा, सगळा जन्म त्या घरात गेला. मान आपोआप वाकणारच. मी बायकोला, खुशबूला, हे असंच समजावून सांगितलं आणि तीही हसली.

मी टाइल बसवतो. कुरखेड्यापासून पार ब्रह्मपुरीपर्यंत लोक मला बोलावतात. ओळंबा आणि लेव्हल यांच्यावर माझं पोट चालतं, आणि ज्या गोष्टीला लेव्हल लावता येत नाही तिच्यावर मी डोकं खपवत नाही. पण एक गोष्ट मला आवडली नाही. सवयच असेल तर माणूस खऱ्या दारातही वाकला पाहिजे. बाबा आतल्या खोलीच्या दारातून ताठ येतात, मोरीच्या दारातून ताठ जातात. वाकतात ते फक्त हॉलमध्ये, जिथे काहीच नाही तिथे.

२

जुनं घर याच जागेवर होतं. त्याचं तोंड गल्लीकडे होतं. नव्या घराचं तोंड आम्ही डांबरी रस्त्याकडे केलं, म्हणजे घर आडवं फिरलं आणि चांगलं मोठंही झालं.

पायवा मी कुणाच्या बापाला नाव ठेवू देणार नाही असा घातला. खोल खणला, पक्का दगड लागेपर्यंत. भिंतीला आजही केसाएवढी भेग नाही. भानगड झाली ती जोत्याच्या भरणात. रस्ता दरवर्षी उंच होत गेलेला, म्हणून जोतंही उंच घ्यावं लागलं, आणि एवढ्या उंच जोत्याच्या पोटात भरायला मुरूम मिळेना. सगळे टिप्पर सूरजागडकडच्या रस्त्याच्या कामावर. आज येतो, उद्या येतो असं करता करता पावसाळा डोक्यावर आला.

परसात जुन्या घराच्या भिंतींचा ढीग पडला होता. जेसीबीने पाडून, फोडून एकीकडे लोटलेली, धानाचा पेंढा कालवलेली माती.

"घरची माती हाय," बाबा म्हणाले. "तेच टाका. तिले बाहेर फेकू नोको."

आमचा मिस्त्री गोपाल नाराज होता. "रामाजीभाऊ, तिच्यात तनस हाय. तनस कुजते, मंग खालून पोकळ होते. भरनाले मुरूमच पायजे."

मीसुद्धा गिऱ्हाइकांना हेच सांगतो. खालची भर पक्की नसेल तर वरची टाइल कितीही भारी घ्या, ती वाजणारच. पण बाबा अडून बसले. मुरूम आला तरी मी घमेलं उचलू देणार नाही म्हणाले. त्या माणसाला मी कधी असा आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. शेवटी पावसाच्या धाकाने आम्ही ती मातीच भरली. गोपालने पाणी मारमारून वरून धुम्मस चालवली, आणि शेवटचं घमेलं रिकामं होईपर्यंत बाबा काठी टेकून तिथेच उभे होते. जमिनीवर एक ढेकूळ उरलं होतं, तेही त्यांनी वाकून उचललं आणि आत टाकलं.

३

मग मयुरी सुरू झाली.

मयुरी आमची एकुलती एक. जुनं घर पाडलं तेव्हा ती आईच्या मांडीवर होती आणि आता अंगणवाडीत जाते. हॉलच्या खिडकीखाली तिची सतरंजी असते, तिच्यावर तिची बाहुली, तिच्या वाट्या, तिचे खडू. दिवसभर तिथेच बसते. बाहेर कितीही पोरं खेळोत, ही तिथून हलत नाही. शहाणी पोट्टी आहे म्हणून आम्हाला कौतुक वाटायचं.

एका सकाळी ती स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आली आणि मधेच पाय उंच उचलून पुढे टाकला. मग दुसरा पाय तसाच. खुशबू भाजी चिरत होती, तिनेही पाहिलं.

"काऊन अशी चालून राह्यली व?" खुशबूने विचारलं.

"उंबरठ्यावर पाय नाई देत," मयुरी म्हणाली.

"कोनता उंबरठा?"

मयुरीने आईकडे असं पाहिलं, जसं मोठी माणसं भोळ्या प्रश्नाकडे पाहतात. "हा," ती म्हणाली आणि बोटाने कोऱ्या टाइलवर आडवी रेघ ओढून दाखवली.

"आबाजीनं शिकवलं का तुले?" मी विचारलं.

"नाई. आबाजी नाई."

"मंग कोनं?"

ती सतरंजीवर जाऊन बसली आणि आमच्याकडे पाठ केली.

म्हाताऱ्याची नक्कल करते आहे, मी खुशबूला म्हणालो. खुशबू सासऱ्यांना मामाजी म्हणते. ती म्हणाली, "मामाजी तर वाकतात. पाय कुठी उचलतात?" मी तिच्यावरच खेकसलो.

४

रविवारी दुपारी मी जेवून उठलो आणि फोन घ्यायला हॉलकडे निघालो. डोक्यात दुसऱ्या दिवशीच्या कामाचा हिशेब होता. बाबा ज्या जागी वाकतात त्या जागी मी पोचलो आणि माझं कपाळ फाडकन आपटलं.

मी खालीच बसलो. डोळ्यांपुढे काजवे चमकले. हात लावला तर बोटांना रक्त. समोर, वर, आजूबाजूला काही नव्हतं. दुपारचं ऊन खिडकीतून थेट समोरच्या भिंतीपर्यंत पडलं होतं. आणि नाकात वास होता, धुराने काळ्या झालेल्या लाकडाचा. तो वास मी ओळखतो. लहानपणी त्या चौकटीवर मी इतक्या वेळा डोकं फोडून घेतलं आहे की तो वास आला तरी माझं कपाळ दुखतं.

खुशबू धावत आली. "अजी, काय झालं? कशाले लागलं?"

"चक्कर आली. टेबलाले लागलं असन."

टेबल हॉलच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिने टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळद आणायला गेली. मला चक्कर कधी येत नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

बाबा खुर्चीतून हे सगळं पाहत होते. उठले नाहीत.

"वाकून नाई का जात?" ते म्हणाले. रागावलेल्या माणसासारखे म्हणाले. जणू चूक माझी, आणि लागलं होतं ते घराला.

५

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो नाही. खुशबू निंदणाला गेली, मयुरी अंगणवाडीत, बाबा स्टँडवरच्या हॉटेलात. मी दार लावलं, हातोडी घेतली, मयुरीचा एक खडू घेतला आणि गुडघ्यांवर बसलो.

टाइल बसवणारा माणूस काम संपलं की टाइल वाजवून पाहतो. हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकं ठोकायचं. खाली भर पक्की असेल तर आवाज भरीव येतो, टक. पोकळ असेल तर ढब. एवढं साधं आहे. तनस कुजून जमीन कुठे कुठे बसली असेल ते मला शोधायचं होतं. तेवढ्या टाइल उचलायच्या, खाली काँक्रीट ओतायचं आणि विषय संपवायचा. वाकणं, उंबरठे आणि कपाळमोक्ष, सगळं त्यात बुजवून टाकायचं असं मी ठरवलं होतं.

पोकळ जागा निघाल्या. खूप निघाल्या. हॉल बहुतेक सगळाच ढब ढब वाजत होता, आणि मधे मधे भरीव आवाजाचे पट्टे होते. जिथे भरीव वाजलं तिथे मी खडूने रेघ मारत गेलो. जमीन बसते तेव्हा वेडीवाकडी बसते, कुठे खड्डा, कुठे फुगवटा. हे पट्टे सरळ निघाले. हातभर रुंद, सरळ, आणि कोपऱ्यावर काटकोनात वळणारे. माझ्या नव्या भिंतींशी त्यांचा काही मेळ नव्हता. ते आडवे जात होते, गल्लीकडे तोंड करून.

बराच वेळ ठोकल्यावर मी उठून भिंतीला टेकलो आणि खाली पाहिलं.

ही सपरी, म्हणजे पुढची पडवी, होती. हे माजघर. ही चूल असलेली खोली, आणि ही धानाची ढोली ठेवायची अंधारी जागा, जिथे आई मला दंगा केला की कोंडायची. जिथे जिथे जुनी दारं होती तिथे तिथे पट्टा तुटला होता. बाबा जिथे वाकतात, जिथे माझं कपाळ फुटलं, तिथे सपरीतून माजघरात जायचं दार होतं. मयुरीने बोटाने दाखवलेला उंबरठा चुलीच्या खोलीचा होता.

मी स्वतःशी मोठ्याने बोललो. ती माती फोडली होती. जेसीबीने तिचा भुगा केला होता, नुसता ढीग होता तो. घमेल्याघमेल्याने, वाटेल तशी टाकली होती. भुगा काही उठून पुन्हा भिंत होत नाही. मी हे दोनतीनदा म्हणालो. रेघा खाली तशाच होत्या.

मग मला खिडकीखालची सतरंजी दिसली. तिच्याखाली मी वाजवलंच नव्हतं. बाहुली आणि वाट्या बाजूला केल्या, सतरंजी गुंडाळली आणि ठोकलं.

तिथे आणखी एक खोली निघाली.

आमच्या जुन्या घरात ती खोली नव्हती. त्या घरात मी ते पाडेपर्यंत राहिलो आहे, मला तिथला कोनाडा न् कोनाडा माहीत आहे. माजघराच्या मागे सरळ परस होतं. पण इथे माजघराच्या मागे चारी बाजूंनी भरीव पट्टा फिरला होता. दार कुठेच नव्हतं. आणि आतला आवाज इतर खोल्यांसारखा नव्हता. मी दांडा आपटायचो, आणि आवाज यायला वेळ लागायचा.

६

बाबा आले तेव्हा मी रेघा पुसल्या नव्हत्या. त्यांनी चपला काढल्या, काठीवर दोन्ही हात ठेवले आणि सगळं नीट पाहून घेतलं. मला वाटलं, घाबरतील. त्यांचा चेहरा उलट सैल झाला.

"बराबर काढलं," ते म्हणाले.

"हे कोनती खोली, बाबा?" मी खिडकीखाली बोट दाखवलं. "आपल्या घरात तर नोती."

"आपल्या नोती. माझ्या बाच्या घरात असन."

"बाच्या घरात म्हंजे?"

"त्यानं घर बांधलं, तवा त्याच्या बाच्या घराची माती जोत्यात भरली. त्याच्या बानंही तसंच केलं असन. घरची माती बाहेर फेकाची नसते."

"काऊन?"

बाबांनी खांदे उडवले. "नसते म्हंजे नसते. मले सांगितलं, मी केलं."

"मंग त्या खोलीत काय होतं?"

"मले काय माहीत? मी नाई पाह्यली कधी." मग खाली न पाहता, सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "दार आलं का तिले?"

  माझी पोरगी दिवसभर त्या खोलीच्या डोक्यावर बसून वाट्या मांडत होती, आणि माझा बाप विचारत होता की दार आलं का.

"आमी उद्या जाऊन राह्यलो," मी म्हणालो. "कोरपन्याले, खुशबूच्या माहेरी. तुमीबी चला. तिकडून आलो की मी सगळी माती उपसतो. सगळी."

"तुमी जा," बाबा म्हणाले. "मी इथीच. आन मातीले हात लावशीन तर पाह्य."

त्यांनी काठी उगारली नव्हती, पण धरली तशीच होती. ते माझ्यावर रागावले आहेत असं वाटत नव्हतं. एखाद्या परक्या माणसाने घरात घुसू नये म्हणून दारात उभं राहावं, तसे उभे होते. त्या दिवशी मला माझ्याच घरात पहिल्यांदा वाटलं की इथे मी कुणालाच नको आहे.

मयुरीला मी पुन्हा हॉलमध्ये येऊ दिलं नाही. रात्री तिला आम्हा दोघांच्या मधे घेऊन झोपलो. ती शांत झोपली. माझा हात तिच्या अंगावरून हलला नाही.

७

सकाळी ऊन चांगलं वर आलं होतं. रस्त्यावर ऑटो उभा होता, त्यात खुशबू पिशव्या ठेवत होती. बाबा हॉलमध्ये खुर्चीत बसले होते. मयुरी स्वयंपाकघरात दूध पीत होती. मी तिला सांगितलं होतं, मागच्या दाराने जायचं, परसातून फिरून.

मी जाता जाता खाली बसलो. कशाला बसलो ते माहीत नाही. कामाची खोड म्हणा. खिडकीखालच्या खोलीच्या पट्ट्यावर पुन्हा एकदा ठोकत गेलो. टक. टक. टक. माजघराकडच्या बाजूला आलो.

ढब.

पुन्हा ठोकलं. ढब. एक माणूस जाईल एवढ्या रुंदीत पट्टा तुटला होता. काल तो तिथे अखंड होता, खडूची रेघ अजून तशीच होती.

"मयुरी," मी ओरडलो, "तिथीच थांब! हलू नोको!"

मान वर केली तेव्हा ती हॉलमध्ये आलेली होती. दुधाचा पेला तिच्या हातात होता. माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं. ती सतरंजीच्या जागेकडे पाहत होती, ओळखीचं माणूस दिसावं तशी. तिने चुलीच्या खोलीचा उंबरठा पाय उचलून ओलांडला. माजघरातून ती सरळ आली. तिचा दुसरा हात वर होता. लहान पोराचा हात मोठ्या माणसाने धरला की जसा खांद्याच्या वर ओढला जातो, तसा. बोटं कशाभोवती तरी मिटलेली होती.

आणि मग ती दिसेनाशी झाली. धूर व्हावा तशी नाही. भिंतीआड माणूस जातं तशी. आधी पेल्याचा हात, मग झगा, मग मागचा पाय. शेवटी तो वर धरलेला हात. माझ्यापासून चार पावलांवर, लख्ख उजेडात. तिच्या पलीकडची खिडकी मला दिसत होती.

मी धावलो. माझे दोन्ही तळहात खरखरीत, गार मातीवर आदळले. मी ठोकलं, नखं मारली, तिच्या नावाने ओरडलो. बाबा खुर्चीतून म्हणाले, "ओरडू नोको. येते ते."

८

ती आली.

ज्या जागेतून गेली होती तिथूनच बाहेर आली. आधी पेला दिसला, मग ती. पेल्यातलं दूध तेवढंच होतं. झगा तोच, वेणी तीच, कपाळावर खुशबूने लावलेली टिकली तीच. मी तिच्याकडे झेपावणार होतो, आणि तेवढ्यात ती माजघराच्या दाराशी पोचली.

पोरगी माझ्या कमरेएवढी. त्या दाराखालून ती उड्या मारत गेली असती तरी तिच्या केसालाही लागलं नसतं.

तिने मान खाली घातली, खांदा थोडा आत घेतला, एक पाऊल टाकलं आणि ताठ झाली.

मग ती माझ्याजवळून गेली. मला पाहून हसायचं म्हणून हसली. पुढच्या दारातून बाहेर जाऊन ऑटोत चढली. खुशबूने तिला मांडीवर घेतलं आणि तिचे गाल पुसले.

मी खिडकीखाली गेलो.  त्या खोलीच्या मधोमध, जिथे काल आवाज यायला वेळ लागत होता, तिथे मी दांडा आपटला.

टक.

सगळीकडे ठोकलं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत टक, टक, टक. आजवरच्या सगळ्या कामात मला इतका भरीव आवाज कधी मिळाला नाही.

बाबा खुर्चीतून उठले. काठी टेकत हॉलच्या मधून आले. ताठ आले, कुठेही वाकले नाहीत. त्यांनी माझ्या शेजारी जमिनीवर काठीचं टोक दोनदा आपटलं आणि आवाज ऐकला.

"आता बसली," ते म्हणाले. "आता नाई हालनार घर. तुह्या पोराइलेबी पुरन."

बाहेर ऑटोचा हॉर्न वाजला. "अजी, चला ना!" खुशबूने हाक मारली. "पोरगी कवाची बसली गाडीत!"

दारातून मला ऑटो दिसत होता. आईच्या मांडीवर ती बसली होती आणि माझ्याकडे पाहत होती, अजिबात घाई नसल्यासारखी. मी परसात जाऊन लोखंडी सब्बल घेऊन आलो, बाबांना ढकलून बाजूला केलं आणि पहिला घाव घातला.

"मयुरी," मी फरशीला तोंड लावून म्हणालो, "आलो, बेटा."

ऑटोतल्या पोरीने मान रस्त्याकडे वळवली.